फुकटाच्या लाकडाचा हिशेब

मंडळी, जंगलात एखाद्या कूपाची तोड झाली, की सरळ बुंधे आणि जाडजूड ओंडके मोजून, शिक्का मारून गाडीत भरले जातात आणि गाडी निघून जाते. मागे काय उरते? शेंडे, फांद्या, वाकडेतिकडे तुकडे, साल आणि काटक्या. बघणाऱ्याला वाटते, केवढे हे जळण वाया चालले! याच्या ढलप्या करून कारखान्याच्या भट्टीला विकल्या तर? कच्चा माल फुकट, मग नफाच नफा.

विचार चांगला आहे. जगात पुष्कळ ठिकाणी तो अमलात आला आहे, आणि आपल्याकडेही ढलप्यांच्या आणि काडीकचऱ्याच्या इंधनाचे नाव अलीकडे वरचेवर कानावर येते. कोणी यंत्र विकायला येतो, कोणी गावात कारखाना काढू म्हणतो. अशा वेळी "कच्चा माल फुकट" या तीन शब्दांवर विश्वास ठेवून कर्ज काढणे बरे नव्हे. आपल्यात म्हणतातच, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. ढलप्यांच्या धंद्यात तर कोंबडी अगदी फुकट मिळते, आणि सगळा खर्च मसाल्याचाच असतो. तो मसाला कोणता, आणि तो कुठे परवडतो व कुठे परवडत नाही, हे आज आपण पाहू.

आधी ढलपी म्हणजे काय ते स्पष्ट करू. कुऱ्हाडीच्या घावाबरोबर लाकडाचा जो चपटा तुकडा उडतो, ती ढलपी. तसलेच, आगपेटीएवढे किंवा त्याहून लहान तुकडे यंत्राने पाडायचे. कडबाकुट्टीचे यंत्र तुम्ही पाहिले आहे. त्याचाच हा थोरला भाऊ समजा. एका तोंडाने फांदी आत जाते, फिरती पाती तिचे तुकडे करतात, आणि दुसऱ्या तोंडाने ढलप्या उडून गाडीत पडतात. एवढा खटाटोप कशासाठी? तर सगळे तुकडे सारख्या आकाराचे झाले म्हणजे ते पट्ट्यावरून आपोआप भट्टीत सोडता येतात. माणसाने बसून सरपण सारण्याची गरज राहत नाही.

हा धंदा मोठ्या प्रमाणावर आणि दीर्घकाळ कोणी केला असेल, तर तो उत्तर युरोपातील स्वीडन देशाने. त्या देशाची दोन तृतीयांशांहून अधिक भूमी जंगलाखाली आहे. थंडी अशी, की घर ऊबदार ठेवणे ही चैन नव्हे, जगण्याची गरज. १९७० च्या सुमारास तिथे वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश तेलातून येत असे, आणि तेल सगळे परदेशचे. १९७३ मध्ये तेलाचे भाव एकाएकी भडकले आणि त्या देशाचे डोळे उघडले. दाराशी जंगल, आणि आपण मात्र समुद्रापलीकडच्या तेलावर शेकतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले.

स्वीडनच्या दक्षिणेस स्मोलांड नावाच्या प्रांतात वेक्शो नावाचे गाव आहे. तिथे एका मध्यवर्ती केंद्रात पाणी तापवून ते नळांनी घरोघर फिरवायची सोय होती. हे केंद्र तेलावर चाले. १९८० मध्ये तिथे तेलाच्या जागी लाकडाचे इंधन वापरायला सुरुवात झाली. जंगलातल्या फांद्यांच्या ढलप्या, लाकूड-गिरण्यांतली साल आणि भुसा, असा सगळा माल त्या भट्टीत जाऊ लागला. पुढे १९९६ मध्ये गावाच्या नगरपालिकेने ठरावच केला, की हळूहळू कोळसा आणि खनिज तेल यांच्यावर अवलंबून राहणे सोडून द्यायचे. आज त्या गावाची ऊब आणि विजेचा काही भाग जंगलाच्या उरल्यासुरल्या मालातून येतो.

स्वीडिश भाषेत या मालाला एक छोटा शब्द आहे, 'ग्रोत'. 'फांद्या आणि शेंडे' या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे जोडून तो झाला. कचऱ्याला स्वतंत्र नाव मिळाले, की समजावे त्याला भाव आला आहे!

पण तो भाव फुकटात आला नाही. त्या लोकांनाही चार शत्रूंशी झगडावे लागले. ते चार शत्रू म्हणजे पाणी, हवा, रस्ता आणि रिकामे बसलेले यंत्र. एकेकाची ओळख करून घेऊ.

पहिला शत्रू पाणी. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या फांदीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते. म्हणजे दहा टन ओल्या फांद्या तुम्ही गाडीत भरल्या, तर त्यांतले पाच टन पाणी झाले. ते तुम्ही डिझेल जाळून वाहून न्यायचे, आणि भट्टीत आणखी लाकूड जाळून त्याची वाफ करायची! अगदी सुक्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता असते. त्यात वजनाच्या चौथा हिस्सा पाणी असेल तर हाती येणारी उष्णता सुमारे ३,२५० वर येते. निम्मे पाणी असेल तर ती सुमारे २,००० च उरते. कारण एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि पाण्याच्या जागी असते ते लाकूडही गेलेले असते.

दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, एक लिटर डिझेलाइतकी उष्णता मिळवायला वाळलेल्या ढलप्या अडीच-पावणेतीन किलो पुरतात. ओल्या मात्र सव्वाचार किलोंच्या वर लागतात. म्हणून शहाणे गिऱ्हाईक ढलप्या नुसत्या वजनावर घेत नाही. ते आधी ओल मोजते आणि मग भाव सांगते.

स्वीडनमध्ये यावर साधा उपाय करतात. तोड झाल्यावर फांद्या लहान लहान ढिगांत उन्हाळाभर तिथेच पडू देतात. पाने, म्हणजे तिकडची सुयांसारखी पाने, गळून पडतात. मग रस्त्याच्या कडेला त्यांची मोठी गंजी रचतात आणि वरून जाड कागदाचे आच्छादन घालतात, म्हणजे पावसाने, बर्फाने ती पुन्हा भिजत नाही. आणि ढलप्या पाडायच्या त्या भट्टीला हव्या असतील तेव्हाच, आधी नाही. हे महत्त्वाचे आहे. ओल्या ढलप्यांचा ढीग घालून ठेवला, तर शेणखताच्या खड्ड्यासारखा तो आतून तापतो, कुजतो, महिन्यागणिक त्यातले लाकूड घटत जाते, आणि कधी कधी आपोआप पेटतोही. फांदी गंजीत श्वास घेते. ढलपी ढिगात गुदमरते.

आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. चैत्र-वैशाखाचे ऊन जे काम सहा आठवड्यांत करते, त्याला तिकडे अख्खा उन्हाळा लागतो. पण मृगाच्या आत माल झाकला नाही, तर सगळी मेहनत पहिल्याच पावसात वाहून जाईल.

दुसरा शत्रू हवा. फांद्या गाडीत भरून पाहा. गाडी भरलेली दिसते, पण तिच्यात लाकूड थोडे आणि पोकळी फार. एक घनमीटर भरीव लाकडाच्या ढलप्या केल्या तर त्या सुमारे अडीच घनमीटर जागा व्यापतात. म्हणजे ढलप्यांतही हवा असतेच. पण तुटक्या फांद्यांच्या मानाने पुष्कळ कमी. म्हणून ढलप्या शक्यतो जंगलाच्या कडेला, रस्त्यावरच पाडायच्या, आणि मग गाडी भरायची. गाडीने लाकूड वाहावे, हवा वाहू नये.

तिसरा शत्रू रस्ता, म्हणजे अंतर. तेल हे इंधन असे आटोपशीर आहे, की ते समुद्रापलीकडून आणले तरी परवडते. ढलप्यांना ही मुभा नाही. एका मर्यादेपलीकडे वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीला गिळून टाकतो. स्वीडनमध्ये मोठमोठ्या गाड्या, पक्के रस्ते आणि प्रचंड भट्ट्या आहेत. तरी तिथेही हा माल साधारण शंभर किलोमीटरच्या आतबाहेरूनच आणणे पसंत करतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीवर हा धंदा करायचा असेल, तर वर्तुळ त्याहून पुष्कळच लहान धरायला हवे.

चौथा शत्रू, रिकामे बसलेले यंत्र. याची मात्र गंमत अशी, की विकणारा त्याबद्दल कधीच बोलत नाही. यंत्राचा हप्ता रोज चालतो. यंत्र रोज चालते का, हा प्रश्न आहे. जंगलातली तोड ठरावीक हंगामात होते, पावसाळ्यात वाटा बंद, पाती दगडमातीने बोथट होऊन यंत्र चार दिवस उभे. असे दिवस मोजले म्हणजे खरा खर्च कळतो.

आता हे सगळे पाटीवर मांडू. शिक्षक बंधुभगिनींनो, हे गणित वर्गात घेण्याजोगे आहे. पुढचे दर मी केवळ उदाहरणासाठी मानले आहेत. तुम्ही त्यांच्या जागी आपल्या गावचे दर घाला. रीत तीच राहील.

समजा, आठ घनमीटरची ट्रॉली आहे. तीत सुट्या फांद्या भरल्या तर ८०० किलो बसतात, आणि ढलप्या भरल्या तर दोन टन. भट्टी तीस किलोमीटरवर आहे, आणि एका फेरीचा, परतीसकट, खर्च २,४०० रुपये येतो. फांद्याच नेल्या तर वाहतूक टनाला ३,००० रुपये पडली. ढलप्या नेल्या तर १,२०० रुपये. म्हणजे ढलप्या पाडण्याने टनामागे १,८०० रुपये वाचले. यंत्राचा उपयोग खरा इथे आहे.

आता एका टन वाळलेल्या ढलप्यांचा पुरा खर्च पाहू. गोळा करण्याची मजुरी ९०० रुपये. गंजी रचणे आणि झाकणे, १०० रुपये. ढलप्या पाडण्याचे डिझेल, पाती आणि माणसे, ५०० रुपये. यंत्र बारा लाखांचे, आठ वर्षे टिकणारे. व्याज तूर्त सोडून देऊ. म्हणजे वर्षाला दीड लाख रुपये यंत्राचेच. ते वर्षातून १५० दिवस चालले आणि रोज दहा टन माल पाडला, तर १,५०० टन होतात, आणि टनाला यंत्राचे १०० रुपये पडतात. वाहतूक १,२०० रुपये. बेरीज करा: ९०० अधिक १०० अधिक ५०० अधिक १०० अधिक १,२००. झाले २,८०० रुपये. भट्टीवाल्याने टनाला ३,००० रुपये दिले, तर शिल्लक उरली २००. बरे आहे, घोडे अजून चालते आहे.

आता एकेक शत्रूला आत येऊ द्या. भट्टी तीसऐवजी साठ किलोमीटरवर आहे आणि फेरीला ४,२०० रुपये लागतात. वाहतूक टनाला २,१०० झाली, एकूण खर्च ३,७००, आणि तोटा ७०० रुपयांचा. किंवा भट्टी तीसवरच आहे, पण यंत्र वर्षातून वीसच दिवस चालले. माल झाला २०० टन, आणि यंत्राचा बोजा १०० वरून ७५० रुपयांवर गेला. एकूण खर्च ३,४५०, तोटा ४५०. किंवा सगळे ठीक आहे, पण माल ओला गेला. भट्टीवाला उष्णतेच्या हिशेबाने पैसे देणारा असेल, तर ३,००० च्या जागी तो सुमारे १,८५० रुपये हातावर ठेवील. तोटा साडेनऊशेचा.

पाहिलेत? या सगळ्या बेरजेत लाकडाची किंमत आपण शून्यच धरली होती. लाकूड फुकट मिळाले, तरी धंदा बुडू शकतो. म्हणून "कच्चा माल फुकट आहे" हे वाक्य खरे असूनही त्याने काही सिद्ध होत नाही.

मग स्वीडनला हे कसे जमले? तीन गोष्टी जुळून आल्या म्हणून.

पहिली, गिऱ्हाईक कायमचे होते. गावाची भट्टी दर हिवाळ्यात पेटणारच, हे माहीत असल्याने यंत्र घेणाऱ्याला भरवसा होता. दुसरी, लहान मालक एकत्र आले होते. स्वीडनमधले सुमारे निम्मे जंगल खासगी कुटुंबांच्या मालकीचे आहे. दक्षिणेकडच्या अशा जंगलमालकांची 'सोद्रा' नावाची सहकारी संस्था १९३८ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे वेक्शो गावातच आहे, आणि तिचे सुमारे पन्नास हजार सभासद आहेत. एकट्या मालकाच्या दहा-वीस गंज्यांसाठी यंत्र आणणे परवडले नसते. सर्वांच्या मिळून यंत्राला बारमाही काम मिळाले. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला हे निराळे समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९९१ मध्ये स्वीडनने कोळसा आणि तेल यांच्यावर कर बसवला. त्यांच्या धुरातून हवेत जाणाऱ्या कार्बन वायूच्या दर टनामागे तो २५० क्रोनर होता. पुढे वाढत वाढत तो हजार क्रोनरांच्या वर गेला. लाकडाला या करातून सूट होती. त्यामुळे तेल महाग झाले आणि ढलप्या त्यांच्या मानाने स्वस्त ठरल्या.

असे असूनही भाव काही एका जागी बांधलेला राहिला नाही. २०११ नंतरच्या काही वर्षांत हिवाळे सौम्य गेले, भट्ट्यांनी शहरांतला जळाऊ कचरा स्वस्तात घ्यायला सुरुवात केली, ढलप्यांचे भाव उतरले, आणि पुष्कळ ठिकाणी फांद्या पुन्हा जंगलातच पडून राहू लागल्या. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, इंधनाचे भाव कडाडले, आणि त्याच फांद्यांना पुन्हा मागणी आली. फांदी तीच, जंगल तेच. ती माल की कचरा, हे दूरची भट्टी ठरवते.

आता दोन गोष्टी अशा सांगतो, की ज्या रुपयांच्या हिशेबात चटकन दिसत नाहीत.

झाडाच्या अंगातले खत खोडात कमी आणि पानांत, कोवळ्या डहाळ्यांत जास्त असते. वर्षानुवर्षे खोडही नेले आणि शेंडेही झाडून नेले, तर ती जमीन उपाशी पडते. म्हणून स्वीडनमध्ये पाने तिथेच गळू देतात. शिवाय सुमारे पाचवा हिस्सा फांद्या जागेवरच सोडाव्यात, आणि भट्टीतली स्वच्छ राख जंगलात परत नेऊन टाकावी, असा तिथल्या वनखात्याचा सल्ला आहे. आपल्या कोकणातला शेतकरी तर टाहाळ तोडून, राब भाजून भाताचे रोप करीत आला. फांदी म्हणजे मातीचे देणे आहे, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. स्वीडनच्या जंगलात पडलेल्या फांदीवर कोणाची चूल अवलंबून नव्हती. आपल्याकडे आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, मेळघाटात, गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात डोक्यावर मोळी घेऊन येणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसची शेगडी पुष्कळ घरांत आली हे खरे. परंतु टाकी पुन्हा भरून आणायला रोख पैसे लागतात, आणि काटक्यांना फक्त पाय लागतात. म्हणून चूल अजून विझलेली नाही. अशा ठिकाणी ढलप्यांचे यंत्र आले, आणि काटकीला भाव आला, तर तो भाव कोणाच्या पदरात पडणार? मोळीवालीच्या, की तिला बाजूला सारून यंत्र लावणाऱ्याच्या? ज्याला आपण कचरा म्हणतो, तो कोणाचा तरी संध्याकाळचा स्वयंपाक असतो.

यासाठी एक कायदा प्रत्येक वनवासी गावाने आणि तिथल्या शिक्षकाने माहीत करून घ्यावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तिथल्या आदिवासींचा आणि परंपरेने जंगलात राहणाऱ्या इतर लोकांचा हक्क मान्य केला. गौण वनोपज म्हटले की आपल्याला मध, डिंक, तेंदूपान आठवते. पण त्या कायद्याच्या व्याख्येत बांबूबरोबर झुडपी लाकूड आणि झाडांचे खुंट यांचाही उल्लेख आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि पुढे २०११ मध्ये त्या ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकून दाखवला. तेव्हा जंगलातल्या काडीकचऱ्याचा कोणी व्यवहार करू म्हणाला, तर पहिला प्रश्न यंत्राचा नाही, ग्रामसभेचा आहे. घरोघरच्या चुलीपुरते आधी, जमिनीपुरते त्यानंतर, आणि मग उरेल ते विकायला. हा क्रम गावाने स्वतः ठरवावा.

बरे, जंगल सोडून शेताकडे वळलो तर? विदर्भ-मराठवाड्यात कपाशीची वेचणी संपली की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी उभी राहते. तीही लाकडासारखीच जळते. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे, म्हणजे सिरकॉटचे, जे केंद्र आहे, तिथे पऱ्हाटीचे तुकडे करून त्यांच्या दाबलेल्या कांड्या आणि गोळ्या बनवण्यावर काम झाले आहे. अशा कांड्यांना बाजारात 'पांढरा कोळसा' म्हणतात. दाबल्याने त्यांतली हवा निघून जाते, म्हणून त्या ढलप्यांपेक्षा लांब नेता येतात. मात्र दाबण्याचा खर्च हिशेबात वाढतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरच्या वीजकेंद्रांनी कोळशात पाच टक्के अशा गोळ्या मिसळाव्यात असे धोरण जाहीर केले. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही कोळशाची मोठी वीजकेंद्रे कपाशीच्या मुलखातच किंवा त्याला लागून आहेत. म्हणजे गिऱ्हाईक अगदीच लांबचे नाही.

पण इथे स्वीडनची नक्कल करू नका. तिकडे फांद्यांची गंजी महिनोन्महिने रचून ठेवतात. आपण पऱ्हाटीची गंजी बांधावर तशी ठेवली, तर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुखाने दिवस काढते, आणि पुढच्या हंगामात आपल्याच कपाशीवर उतरते. म्हणून पऱ्हाटी वेळेवर उपटून, तिचे लगेच तुकडे करून, उन्हात वाळवून शेतातून हलवणे हेच बरे. इथे यंत्र दुहेरी काम करते. इंधन देते आणि किडीचे घरही मोडते. परक्या मुलखातून हिशेबाची रीत घ्यावी. वेळापत्रक आपल्या मातीला विचारून ठरवावे.

आणखी एक सूचना. आपल्याला घरे तापवायची नाहीत. मग ढलप्यांची ऊब लागते कोणाला? हळद शिजवणाऱ्याला, दूध तापवणाऱ्या डेअरीला, काजू प्रक्रिया करणाऱ्याला, कापड रंगवणाऱ्याच्या बॉयलरला. शक्य तर अशा जवळच्या गिऱ्हाइकाला उष्णताच विका. लाकडापासून लहान प्रमाणावर वीज करू गेलात, तर शंभरातली वीस-पंचवीस हिश्शांइतकीच उष्णता विजेच्या रूपाने हाती येते. बाकीची वाया जाते. चांगल्या भट्टीत थेट उष्णता वापरली, तर शंभरातले ऐंशी हिस्से कामी येतात.

तर मंडळी, यंत्राच्या कागदावर सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा. माल कोणाचा आहे, आणि आज तो कोण वापरतो? त्यात पाणी किती? भट्टी किती किलोमीटरवर? यंत्राला वर्षातून किती दिवस काम? आणि गिऱ्हाईक किती वर्षांचा लेखी करार करायला तयार आहे? या पाचांपैकी एकाचेही उत्तर "बघू पुढे" असे आले, तर यंत्रही पुढेच बघा. हे यंत्र एकट्याने घेण्याची वस्तू नाही. पाच-दहा गावांनी मिळून घेतले किंवा भाड्याने फिरवले, तरच ते रिकामे बसणार नाही.

आणि गुरुजनांनो, पाण्याचा प्रश्न तर तुमच्या वर्गातच सोडवता येतो. नुकत्याच तोडलेल्या डहाळीचे बारीक तुकडे करून एक किलो मोजून घ्या. ते कडक उन्हात पसरा, रोज वजन करा, आणि मुलांना आकडे फळ्यावर मांडू द्या. वजन घटायचे थांबले, की तो शेवटचा आकडा मूळ वजनातून वजा करा. उन्हात वाळलेल्या लाकडात थोडी ओल राहतेच, पण अंदाज पुरेसा येतो. एक किलोचे सहाशे ग्रॅम उरले, तर चारशे ग्रॅम पाणीच होते, शेकडा चाळीस. मग मुलांना विचारा, अशा मालाची दहा टनांची गाडी भरली, तर तीत जळण किती आणि पाणी किती? ज्या मुलाने हे उत्तर स्वतः काढले, त्याच्या बापाला ओले लाकूड सुक्याच्या भावाने घ्यायला लावणे कोणाला सोपे जाणार नाही.